मृण्मयी राहते कुठे?

आमच्या सल्लाकेंद्राच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावलेला होता. आत येणारा प्रत्येक पालक त्याच्यासमोर उभा राहून एकच गोष्ट करायचा. आधी आपलं घर शोधून त्यावर बोट ठेवायचा, मग दुसऱ्या हाताच्या बोटानं मुलासाठी मनात धरलेली शाळा शोधायचा. दोन बोटं जवळ आली की चेहरा खुलायचा. मी मात्र बोटांमधलं अंतर बघत नसे. त्यांच्या मधून जांभळी रेघ जाते का, तेवढंच बघत असे. ती बघायची आणि मग समोरच्या माणसाला सांगायची, हीच माझी नोकरी होती.

गेल्या वर्षी ती नोकरी मी सोडली. आठवणी लिहायचं माझं वय नाही, केस अजून काळे आहेत आणि डोकं अजून तापतं. पण जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसांच्या कामाधंद्याबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा इंजिनिअर लोक गाड्यांबद्दल लिहितील, संशोधक यंत्रांबद्दल लिहितील, मी रेघेबद्दल लिहिते.

मी मूळची इचलकरंजीची. माझे वडील, अण्णा, यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, आणि बाराखडी येऊ लागली तेव्हा कागद उलटा करून छापील बाजू वाचायला लागले. अण्णांचा पत्रकाबद्दल एक नियम होता. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या दारात माणूस जेवढा वेळ उभा राहतो, तेवढ्यात ते वाचून झालं पाहिजे. "बसून वाचावं लागलं तर ते पत्रक नाही, निबंध झाला," म्हणायचे. पुढे शिष्यवृत्तीवर डार्मश्टाटला समाजशास्त्र शिकायला आले आणि दोन हजार दोनच्या सुमाराला जवळच्या एका शहरात ही अर्धवेळ नोकरी लागली. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत.

काम असं. जर्मनीत मूल दहा वर्षांचं झालं, चौथी संपली, की त्याची वाटणी होते. एक शाळा विद्यापीठाकडे नेणारी, तिला गिम्नाझियुम म्हणतात. एक मधली. एक हाताला कौशल्य देऊन लवकर कामाला लावणारी. दहा वर्षांच्या पोराचं पुढचं आयुष्य ओळखायची ही घाई मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. आमच्या राज्यात कुठल्या प्रकारची शाळा हवी ते पालकांना निवडता यायचं. पण त्या प्रकारची नेमकी कुठली इमारत मिळेल, ते राहत्या पत्त्यावरून ठरायचं. शाळेत जागा कमी आणि मुलं जास्त झाली की आधी शहरातली मुलं घ्यायची. शहराची हद्द जिथं संपते तिथून जिल्हा सुरू. जिल्ह्याच्या शाळा वेगळ्या, बस वेगळ्या. जांभळी रेघ म्हणजे ती हद्द. ट्राम तिच्यावरून जायची, सायकली जायच्या. प्रवेश जायचा नाही.

माझी वरिष्ठ फ्राऊ झायडेल. साठीला आलेली बाई, टेबलावर सफरचंद सोलत सोलत माणसांचं ऐकून घ्यायची. मी नियमाविरुद्ध बोलायला लागले की फोड पुढे करायची. तोंडात सफरचंद असलं की भाषण थांबतं, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात काम करणारे नागपूरचे एक गृहस्थ आले. घरापासून शाळेपर्यंतचं अंतर त्यांनी तीन प्रकारे मोजून आणलं होतं, चालत, सायकलवर आणि आकाशातून सरळ. तरी मुलाला पहिल्या पसंतीची शाळा मिळाली नव्हती. शांतपणे मला म्हणाले, "अवकाशात कुठली वस्तू कुठे आहे ते मी तुम्हाला बसल्या जागी सांगतो. माझ्या पोराची जागा कुठे आहे ते तुम्ही सांगा." पोरगं दुसऱ्या पसंतीच्या शाळेत गेलं आणि तिथं असं रमलं, की दिवाळीला हेच गृहस्थ शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आले, जरा खजील चेहऱ्यानं. एका घरच्या सासूबाई उन्हाळ्यात पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी सुनेला न विचारता मुख्याध्यापकांना पेढे नेऊन दिले. मुख्याध्यापकांनी वाढदिवस कुणाचा म्हणून विचारलं, आभार मानले, पेढे शिक्षकांच्या खोलीत वाटले आणि प्रवेश नियमानं जिथं व्हायचा तिथंच झाला. "माणूस सज्जन आहे हो, पण उपयोगाचा नाही," असा निकाल सासूबाईंनी माझ्यासमोर दिला.

पण मला ही नोकरी आठवते ती भोईट्यांच्या मृण्मयीमुळे.

संजय भोईटे साताऱ्याकडचे, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. एका हिवाळ्यात बायको सुजाता आणि दहा वर्षांची मृण्मयी यांना घेऊन आले. नेहमीप्रमाणे नकाशासमोर उभे राहिले आणि दोन बोटं ठेवली. बोटं जवळजवळ चिकटली होती.

"बघा मॅडम. हे आमचं घर, ही शाळा. वरच्या खोलीतून शाळेचं छप्पर दिसतं. मधे नुसता ओढा आहे."

"रेघ ओढ्यातूनच जाते, भोईटे."

"ओढ्याचं काय एवढं? आम्ही नदी ओलांडून शाळेत जायचो."

"त्या नदीच्या दोन्ही काठांना एकच जिल्हा होता."

"मी म्हणत होते, घर घ्यायच्या आधी विचारा," सुजाता म्हणाली. "यांनी बागेतली माती हातात घेऊन बघितली, छप्पर बघितलं, तळघरात ओल आहे का बघितलं. शाळेचं विचारलं नाही."

"अगं, डोळ्यांना दिसते ती शाळा काय विचारायची?"

ते वर्षभरापूर्वी शहरातल्या भाड्याच्या घरातून ओढ्यापलीकडच्या गावात, स्वतःच्या घरात गेले होते. चौथी पुरी होईपर्यंत जुन्या शाळेत राहायची परवानगी मुलीला मिळाली होती. पुढची शाळा मात्र पत्त्याप्रमाणे. म्हणजे जिल्ह्याची, दुसऱ्या दिशेला, बसनं बरीच लांब. हिवाळ्यात अंधारात निघावं लागणार.

मृण्मयी खिडकीशी बसून काचेवरच्या वाफेत घर काढत होती. मी तिला मराठीत विचारलं, "तुला कुठली शाळा हवी गं?" तिनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, "योहाना जाईल ती."

मग सुजातानं सांगितलं. सहा वर्षांची असताना मृण्मयी इथं आली आणि शाळेत अख्खं वर्ष एक शब्द बोलली नाही. बाईंनी आधी कान तपासायला सांगितले, मग जीभ. दोन्ही ठीक होतं. नंतर योहाना नावाची मुलगी तिच्याशेजारी बसायला लागली आणि एक दिवस मृण्मयी तिच्याशी बोलली. त्या दिवसापासून जी सुरू झाली ती जर्मनमध्येच. मराठी कळायचं सगळं, उत्तर जर्मन. आता योहाना आणि निम्मा वर्ग त्या छप्पर दिसणाऱ्या शाळेत जाणार होता.

"मला गिम्नाझियुम वगैरे काही कळत नाही," सुजाता म्हणाली. "ती परत गप्प होईल, एवढीच मला भीती आहे."

आम्ही अर्ज केला, कारणं लिहिली. शाळा शहरातल्या मुलांनीच भरली होती. नकार आला.

नकार घेऊन भोईटे पुन्हा आले ते उत्साहात. "तोड निघाली, ताई. मृण्मयी आपटेकाकांकडे राहील."

आपटेकाका नात्यानं त्यांचे कुणीच नव्हते. सांगलीचे, तरुणपणी इथं आलेले, यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गणपतीत ओळख झाली आणि काका झाले. बायको एल्के जर्मन. काकूंना मराठी येत असे, पण आदरार्थी बोलणं त्यांनी शिकायचंच नाकारलं होतं. लहानथोर सगळ्यांना 'तू'. त्यांचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं, रेघेच्या शहराकडच्या बाजूला.

"खोटा पत्ता द्यायला मी मदत करणार नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच होता.

भोईट्यांना ते लागलं. "खोटा कसा? पोरगी खरंच राहणार आहे तिथं. सोमवार ते शुक्रवार. मी पाचवीपासून आत्याकडे राहून शिकलो. आत्याचा पत्ता खोटा होता का?"

 इचलकरंजीत आमच्याच दोन खोल्यांत गावाकडची दोन चुलत भावंडं शाळेसाठी राहत होती. त्यांना कुणी पाहुणे म्हटलं नाही, मग खोटं कोण म्हणणार? तरी मला राग होताच. ज्याला शाळेमागच्या गल्लीत काका नाही, त्याच्या पोरानं काय करायचं? त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. ओढ्यानं मुलांची वाटणी करणारे तुम्ही कोण, असा त्याचा सूर. दोन्ही बाजू भरल्या. फ्राऊ झायडेलनं सफरचंद खाली ठेवून पूर्ण वाचलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण त्या मुलीनं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कुठल्या बाकावर बसायचं, ते यात नाही."

मला तिचा रागच आला. पत्रक मी खणात टाकलं.

ईस्टरनंतर मृण्मयी काकांकडे राहायला गेली. इथं घर बदललं की नगरकचेरीत नवा पत्ता नोंदवावा लागतो, त्याला अनमेल्डुंग म्हणतात. भोईटे मुलीचा पत्ता नोंदवायला एकटेच गेले. मला विचारलं असतं तर थांबवलं असतं. तिथं काय झालं ते त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "तुम्ही आणि तुमची पत्नी वेगळे राहता?"

"नाही."

"पत्नी आजारी आहेत?"

"ठणठणीत आहे."

"मग हे गृहस्थ मुलीचे कोण?"

"काका."

"तुमचे भाऊ?"

"नाही."

"पत्नीचे भाऊ?"

"नाही हो. ओळखीचे आहेत. पण काकाच."

"आणि मग मी तिला सांगितलं, ताई, की आमच्याकडे हे चालतं. चांगल्या घरांत तर चालतंच. ती सगळं लिहून घेत होती. चांगली वाटली बाई."

मी डोक्याला हात लावला. दहा वर्षांच्या मुलाचं घर म्हणजे आईबापाचं घर, असं इथला कायदा धरतो. दोघंही धडधाकट, दोघंही जवळच राहतात आणि मूल मात्र परक्यांकडे झोपतं, हे ऐकल्यावर इथल्या माणसाच्या मनात शिक्षण येत नाही. काहीतरी बिनसलंय, हे येतं. नोंदणी झाली नाही. त्याऐवजी मुलांच्या संरक्षणाचं जे खातं असतं, युगेंडआम्ट, तिथली एक बाई घर बघायला येणार असल्याचं कळलं. इथल्या आपल्या लोकांत त्या शब्दाची किती धास्ती आहे, ते इथं राहिलेल्यांनाच ठाऊक. सुजातानं मला फोन केला आणि एकच विचारलं, "घेऊन जातील का हो तिला?"

ती दुपार मला अजून दिसते. आपटेकाकांचं जेवणाचं टेबल. एल्केकाकूंनी बटाट्याच्या सॅलडला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घातली होती. तो त्यांच्या संसारातला जुना तह होता. युगेंडआम्टची बाई तरुण होती, माझ्याच वयाची, आणि मनापासून नम्र. मी दुभाषी म्हणून. सुजाताचे हात मांडीवर घट्ट धरलेले. भोईट्यांनी आपली शिक्षणपद्धती, एकत्र कुटुंब, साताऱ्याची आत्या असं सुरू केलं.

"आल्झो, हे बघ, भोईटे, तू गप्प बस," एल्केकाकू मराठीत म्हणाल्या. "तिनं पोरीला विचारलं. तुला नाही."

आपटेकाकांनी ताटाकडे बघत हसू लपवलं.

बाईनं मृण्मयीला विचारलं होतं, तुला इथं कसं वाटतं? मृण्मयीनं थोडा विचार केला आणि तिच्या त्या स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "आमच्या घरातल्या माझ्या खिडकीतून शाळा दिसते. इथल्या माझ्या खिडकीतून आमचं घर दिसतं. संध्याकाळी आई वरचा दिवा लावते, तो पण दिसतो."

 मला त्याचं मराठी करायची गरज नव्हती, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं होतं. सुजाता रोज संध्याकाळी वरच्या रिकाम्या खोलीत जाऊन दिवा लावत होती, हे भोईट्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

ती बाई चांगली निघाली. मूल सुखरूप आहे, माणसं मायाळू आहेत, फक्त तिनं झोपावं आईबापाकडे, असं म्हणाली आणि जाताना फोडणीची कृती विचारून गेली. सुजातानं त्याच दिवशी मृण्मयीची पिशवी भरली. छप्पर दिसणारी शाळा गेली ती गेली. भोईटे दारात बूट घालत बराच वेळ बसून राहिले. "माझ्या आत्यानं तर मला माणूस केला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खणातलं पत्रक काढलं आणि नवं लिहिलं. मृण्मयीला विचारून तिचं वाक्य घेतलं: 'माझ्या खिडकीतून शाळा दिसते. मला तिथं जाता येत नाही.' खाली पालकांच्या बैठकीची जागा आणि वेळ. बस. ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या ट्रामथांब्यांवर आम्ही ते वाटलं. फ्राऊ झायडेलही आली, एका हातात पत्रकं, दुसऱ्या हातात सफरचंद. ट्राम यायच्या आत लोकांचं उभ्याउभ्या वाचून होत होतं. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मजकूर कुणाचा?" मी म्हटलं, एका पोरीचा. म्हणाले, "तरीच."

बैठकीला गावातले पालक आले, बहुतेक जर्मनच. त्यांच्याही खिडक्यांतून छप्पर दिसत होतं, इतकी वर्षं कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, एवढंच. मग अर्ज, शहर आणि जिल्ह्याची बोलणी, वर्तमानपत्रात छोटी बातमी. त्या दिवसांत मी घरी फक्त झोपायला जायचे. आयुष्यात इतकं उपयोगी मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

हे चाललेलं असताना मृण्मयी मात्र जिल्ह्याच्या शाळेत जायला लागली होती. अंधारात बस पकडत होती. सुरुवातीला सुजाताचे फोन यायचे. "काही बोलत नाही हो. विचारलं की मान हलवते." मग फोन कमी झाले, मग थांबले. मला वाटलं, सुजातानं नाद सोडला असेल. एक गोष्ट मात्र राहिली होती. दर शुक्रवारी मृण्मयी आपटेकाकांकडे जेवायला जायची. काका तिला पत्ते शिकवायचे आणि काकू तिच्याशी आपलं मराठी बोलायच्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी निकाल लागला. ओढ्यालगतच्या काही गल्ल्या शाळेसाठी शहरात धरायच्या, आणि वरच्या वर्गात जागा उरली असेल तर आधी गेलेल्या मुलांनाही परत घ्यायचं. सहावीत एक जागा होती. शुक्रवार होता. भोईटे आणि सुजाता पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आपटेकाकांकडे आले. मीही तिथंच होते. काकूंनीच बोलावलं होतं.

"मृण्मयी, चल," भोईटे दारातूनच म्हणाले. "मिळाली शाळा. योहानाची. सायकलनं जायचं आता."

मृण्मयीनं हातातले पत्ते खाली ठेवले. बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि मराठीत बोलली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं मराठी.

"बाबा, तू रागावू नको. मी तिकडे बोलायला लागले आता. परत पहिल्यापासून नको."

भोईटे पुडा हातात धरून उभे राहिले. मुलगी नको म्हणाली ते आधी कळलं की मराठीत म्हणाली ते, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. सुजातानं पदर नव्हता म्हणून ओढणी डोळ्यांना लावली.

"मग हे पेढे कुणाला?" भोईट्यांनी विचारलं.

"तू खा," एल्केकाकू म्हणाल्या. "बस खाली."

त्या जागेवर ओढ्यापलीकडचं दुसरं कुणी मूल गेलं. मला त्याचं नाव माहीत नाही. रेघ हलली, ज्या मुलीसाठी हलवली तिला तिची गरज उरली नव्हती. फ्राऊ झायडेलला मी हे रागानं सांगितलं, तर तिनं नेहमीसारखी फोड पुढे केली. त्या वेळी मी ती घेतली आणि गप्प बसले.

नोकरी सोडली त्या दिवशी फ्राऊ झायडेलनं मला तो जुना नकाशा गुंडाळून दिला. भिंतीवर नवा येणार होता. आता तो माझ्या खोलीत आहे. घरी येणारी माणसं अजूनही त्याच्यासमोर उभी राहतात आणि बोट ठेवायला काहीतरी शोधतात. मागच्या महिन्यात मृण्मयी सायकलवरून आली होती, उंच झालेली, पायांना चिखल. ती पण नकाशासमोर उभी राहिली. एक बोट तिनं ओढ्यापलीकडच्या आपल्या घरावर ठेवलं. दुसरं बोट कुठल्या शाळेवर जातंय म्हणून मी बघत राहिले.

ते तिनं आपटेकाकांच्या गल्लीवर ठेवलं.